ओळखणं आणि आवरणं

सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये आलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा, मूठ वळायला सांगायची आणि शीर चाचपायची, तेवढ्या वेळात हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं हो?" कोरोनाच्या आधी लोक हिमोग्लोबिनचं विचारायचे, बीट खाऊ का, खजूर खाऊ का वगैरे, आता गुळवेल, काढा, आवळा, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. विचारणारा मनापासून विचारत असतो, घरात कुणीतरी सारखं आजारी पडत असतं, पोराच्या शाळेत साथ असते, आणि मी हातात सुई धरून दोन वाक्यांत काय सांगणार, म्हणून "नीट जेवा, झोप घ्या, लशी वेळेवर घ्या" एवढं सांगते आणि ट्यूबवर नाव लिहायला घेते. ते खोटं नाहीये, पण पुरेसंही नाही. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितेय.

मी नाशिकच्या सिडकोतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्तातल्या पेशी बघणं हे माझं रोजचं काम. आणि त्या बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय की शरीराचा बचाव हा जोराचा मामला नाहीच मुळी. कुणाला ओळखायचं, किती लवकर ओळखायचं आणि काम झाल्यावर हात कधी आवरता घ्यायचा, सगळं या तीन गोष्टींवर आहे. शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतात ते मला तेवढ्यासाठीच फारसं पटत नाही, कारण मग आपल्याला वाटतं जितके जास्त सैनिक तितकं बरं.

हे मला आधी द्राक्षाच्या बागेत कळलं असं म्हटलं तरी चालेल. माझं माहेर निफाडकडचं, भावाची थॉमसनची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि नेमका पाऊस लागला, दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं की पानावर पिवळसर तेलकट डाग दिसतात आणि पान उलटं केलं की मागे पांढरी बुरशी, डाऊनी. बाग कितीही धष्टपुष्ट असू दे, उलट खत-पाणी जास्त झालेली लुसलुशीत बाग आधी सापडते. कारण असं की थॉमसन ही मूळ युरोप आणि पश्चिम आशियाकडच्या द्राक्षाची जात आणि डाऊनी ही अमेरिकेतली, ती फ्रान्समध्ये पोचली १८७८ च्या सुमारास, तोपर्यंत तिकडच्या वेलींनी ती कधी बघितलीच नव्हती. अमेरिकेतल्या रानवेली मात्र हजारो वर्षं तिच्याबरोबर वाढलेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी वेलींच्या पानात बुरशी शिरली की लागण झालेल्या जागच्या पेशी झटकन स्वतःहून मरून जातात, आणि या बुरशीला जगायला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे ती तिथेच संपते. थॉमसनला ते वेळेत कळत नाही. म्हणून १८८५ मध्ये मिलार्डे नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने मोरचूद आणि चुन्याचं जे मिश्रण सांगितलं ते बोर्डो मिश्रण आजही आमच्याकडे पिंपात कालवलं जातं. भाऊ एकदा फवारणीचं पिंप ढवळता ढवळता म्हणाला, "ताई, वेलीत ताकद कमी नाहीये गं, तिला कळतच नाही आत कोण शिरलंय ते." मला वाटतं इम्युनिटीबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

माणसाचं शरीर वेलीपेक्षा एक पाऊल पुढे आहे. जन्मजात ओळख आपल्याकडेही आहे, पण त्याच्यावर नवीन ओळख शिकून ठेवायची सोयसुद्धा आहे.

बाहेरच्या कुंपणाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. त्वचा, श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि तो वर ढकलणारे बारीक केस, जठरातलं आम्ल. अश्रूत आणि शेंबडात लायसोझाइम नावाचं एक एन्झाइम असतं, ते काही जंतूंची भिंतच विरघळवतं, ते अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२२ मध्ये सापडलं, म्हणजे पेनिसिलिनच्याही आधी. बस.

खरी गंमत कुंपण फुटल्यावर सुरू होते. पायात बाभळीचा काटा मोडला की थोड्या वेळात तिथे लाल होतं, गरम लागतं, सूज येते, रात्री ठणका लागतो. आपण म्हणतो काट्याने सुजलं, पण हे सगळं आपल्याच शरीराने केलेलं असतं. जखमेच्या जागच्या पेशी रसायनं सोडतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरायला लागतात आणि वाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतू गिळायला लागतात.

माझा या न्यूट्रोफिलवर फार जीव आहे. रक्ताचा थेंब स्लाईडवर ओढून पातळ थर करायचा, वाळू द्यायचा, त्यावर लीशमन स्टेन दोन मिनिटं, मग बफरचं पाणी घालून सात-आठ मिनिटं, धुवायचं, वाळवायचं आणि तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरायचं. सगळीकडे फिकट गुलाबी लाल पेशींची गर्दी आणि त्यात मधेच ही, त्यांच्यापेक्षा बरीच मोठी, आतलं केंद्रक गडद जांभळं पण अखंड नाही, त्याचे तीन-चार भाग आणि ते एकमेकांना अगदी बारीक दोऱ्याने जोडलेले. बाईचं रक्त असेल तर काही थोड्या पेशींत त्या केंद्रकाला बाजूला इवलंसं बोंड लटकलेलं दिसतं, ते म्हणजे दोन एक्स गुणसूत्रांपैकी बंद करून ठेवलेलं एक. आता काउंटर मशीन मिनिटाभरात सगळं मोजून देतं खरं, पण मशीनने शंका दाखवली की स्लाईड बघावीच लागते आणि मला ते आवडतं.

ही पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखाद-दोन दिवस राहते. हाडांच्या मगजात रोज साधारण १० हजार कोटी नवीन तयार होतात. जखमेतून जो पू येतो ना, ज्याला आपण घाण म्हणून पुसून टाकतो, त्यात बहुतेक याच मेलेल्या पेशी असतात. मोठं इन्फेक्शन झालं की मगज अजून पूर्ण न पिकलेल्या पेशीसुद्धा बाहेर सोडतो, त्यांचं केंद्रक अजून तुटलेलं नसतं, नुसतं वाकलेलं असतं, आणि स्लाईडवर तशा कच्च्या पेशी खूप दिसल्या की रिपोर्ट टाईप करायच्या आधी मी डॉक्टरांना फोन लावते.

पेशी जंतू गिळते हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते एका काट्यामुळेच. १८८२ च्या शेवटी, इटलीतल्या मेसिना गावी, इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या पिल्लांवर काम करत होता. ही पिल्लं पारदर्शक असतात, आतलं सगळं दिसतं. घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते, हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला, आणि त्याच्या मनात आलं की शरीरात फिरणाऱ्या या पेशी बाहेरून घुसलेल्या गोष्टीभोवती जमत असतील का. अंगणातल्या झाडाचे बारीक काटे आणून त्याने त्या पिल्लांत टोचले आणि रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घेराव. त्या काळी बहुतेकांचं म्हणणं होतं की बचाव रक्तातल्या द्रवात असतो, पेशींत नाही, आणि या वादात तो जवळपास पाव शतक भांडत राहिला. शेवटी १९०८ चं नोबेल त्याला आणि पलीकडच्या बाजूच्या पॉल एर्लिखला मिळून दिलं, आणि दोघंही बरोबर होते.

पण या पेशींना कळतं कसं की हा जंतू आहे? हे कोडं १९९० च्या दशकापर्यंत नीट सुटलं नव्हतं. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमनच्या लॅबमध्ये फळमाशीतलं टोल नावाचं एक जनुक बिघडवलं तर त्या माश्या बुरशीने मरायला लागल्या, मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे केस उगवलेले. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलरने उंदरात तसलंच एक जनुक शोधलं, ते जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला एक पदार्थ ओळखतं. म्हणजे असं की जंतूंच्या अंगावरच्या काही ठराविक गोष्टी, ज्या जंतूंना बदलता येत नाहीत आणि आपल्या पेशींवर कधीच नसतात, त्या ओळखायची सोय आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. माशीकडेही आहे, माणसाकडेही. या दोघांना २०११ चं नोबेल मिळालं.

ओळख पटली की निरोप जातात आणि त्यातला एक निरोप मेंदूला जातो. मेंदूत शरीराचं तापमान ठरवणारी जागा आहे, ती आपला आकडा वर नेते, ३७ वरून ३९. आता अंग ३७ लाच आहे पण मेंदूला वाटतं आपण गार पडलोय, म्हणून हुडहुडी भरते, दात वाजतात, भर उन्हाळ्यात माणूस दोन गोधड्या मागतो. म्हणजे ताप हा जंतूने चढवलेला नसतो, आपणच चढवतो, स्नायू थरथरवून, मेहनतीने. याचा पुरावा मला फार आवडतो. सरडा किंवा इग्वाना स्वतःचं अंग तापवू शकत नाही, पण १९७५ च्या एका प्रयोगात असं दिसलं की जंतू टोचलेल्या वाळवंटी इग्वाना स्वतःहून जास्त गरम जागी जाऊन बसतात, आणि ज्यांना मुद्दाम गार जागी ठेवलं त्यातल्या जास्त मेल्या. पॅरासिटामॉल मेंदूतला तो वर गेलेला आकडा खाली आणतं, आराम मिळतो, पोटात दोन घास जातात, घ्यावं जरूर. पण ताप उतरला म्हणजे आजार गेला असं मात्र नाही. याच्यावर पुढे येतेच.

आता अवधाण. लहानपणी पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ यायची आणि आजी चाचपून म्हणायची अवधाण आलंय, शेकायला बस. जखम अंगठ्याला आणि गाठ जांघेत, हे मला तेव्हा अजिबात कळायचं नाही. तर होतं असं की त्वचेत फांद्या फुटलेल्या आकाराच्या काही पेशी असतात, डेंड्रायटिक, राल्फ स्टाइनमनने १९७३ मध्ये दाखवलेल्या. त्या जंतूचा तुकडा उचलतात आणि लसिकावाहिनीतून चालत जांघेतल्या गाठीत जातात. तिथे लाखो लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ये-जा करत असतात आणि प्रत्येकाला फक्त एकच एक आकार ओळखता येतो. हा तुकडा त्यांना दाखवला जातो, हा तुझा का, हा तुझा का, असं करत करत ज्याला तो जुळतो तो थांबतो, आणि एकाचे दोन, दोनाचे चार व्हायला लागतात. गाठ सुजते ती यामुळे. याला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो, तेवढा वेळ न्यूट्रोफिलने किल्ला लढवायचा. आजीचं शेकणं जखमेला काही करत असेल नसेल, पण अवधाण आलं म्हणजे आत ओळख पटली हे मात्र खरं.

पण एवढे वेगवेगळे आकार ओळखणाऱ्या पेशी आल्या कुठून? माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सगळी मिळून २० हजारांच्या आसपास, आणि जंतू तर असंख्य, त्यातले कित्येक अजून जन्मालाही आलेले नाहीत. हे सुसुमु टोनेगावाने १९७६ मध्ये दाखवलं, त्याला १९८७ चं नोबेल एकट्याला मिळालं. प्रत्येक बी लिम्फोसाइट, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी, तयार होताना अँटिबॉडीचं, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चक्क कापते आणि तुकडे वेगळ्या क्रमाने जोडते, गोधडी शिवताना बोचक्यातले तेच जुने तुकडे घेऊन दर वेळी वेगळी गोधडी व्हावी तसं, वर जोडणीच्या जागी आणखी थोडे फेरफार. त्यामुळे उद्या येणाऱ्या, आज अस्तित्वातच नसलेल्या जंतूला जुळणारी एखादी पेशी तुमच्या-माझ्या अंगात आत्ता फिरत असते. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, वर्गात होते आणि त्या दिवशी बसने घरी येताना मला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

अर्थात असं नशिबावर सोडून तुकडे जोडले की काही पेशी आपल्याच अंगाला ओळखणाऱ्या निघणार, हे आलंच. म्हणून टी लिम्फोसाइटना, म्हणजे असेच तुकडे जोडून तयार होणाऱ्या दुसऱ्या गटाला, आधी छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीत जावं लागतं. १९६१ पर्यंत ही ग्रंथी निकामी समजली जायची, जॅक मिलरने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती काढून बघितली तेव्हा कळलं की तिच्याशिवाय बचावच उभा राहत नाही. तिथे या पेशींना शरीराचेच तुकडे दाखवले जातात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या मरतात, ज्या आपल्याच तुकड्याला घट्ट धरतात त्याही मरतात, शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. शरीर इतक्या पेशी बनवतं आणि बहुतेक सगळ्या टाकून देतं, निव्वळ चूक होऊ नये म्हणून. नुसतं वाढवायचंच असतं तर एवढ्या टाकल्या कशाला असत्या?

एकदा ओळख पटली की ती टिकते आणि किती टिकते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फेरो बेटांवरचं आहे. १८४६ मध्ये तिथे गोवराची साथ आली, साडेसात हजारांवर वस्ती आणि त्यातले सहा हजारांवर आजारी. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरला आणि त्याला दिसलं की काही म्हाताऱ्या माणसांना काहीच होत नाहीये. त्यांना १७८१ च्या साथीत, लहानपणी गोवर झालेला होता. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता, तरी शरीर विसरलं नाही.

आणि हाच गोवर उलटही करतो. तो विषाणू नेमका आठवण ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं तर इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडीज ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसल्या गेलेल्या होत्या. म्हणजे पोर गोवरातून उठतं आणि आधी शिकलेलं बरंच विसरलेलं असतं, मग पुढे न्यूमोनिया, जुलाब असं काहीतरी मागे लागतं. आपल्या जिल्ह्यात मालेगावात २०२२ च्या हिवाळ्यात गोवराची साथ आली तेव्हा हे मला सारखं आठवायचं. गोवर काय, सगळ्यांनाच होतो, आपोआप जातो, असं अजून पुष्कळ घरांत म्हणतात. जातो, पण जाताना काय घेऊन जातो ते बाहेरून दिसत नाही, म्हणून गोवराच्या लशीच्या दोन डोसांबद्दल मी लोकांच्या मागे लागते.

लस म्हणजे तरी काय, आजार न करता ओळख करून देणं. मेचनिकॉफचाच एक विद्यार्थी, वाल्डेमार हाफकिन, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत बसून प्लेगची लस बनवत होता, आणि १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. आत होते फक्त उष्णतेने मारलेले जंतू, त्यांनी अंगात ताकद वगैरे काही घातली नाही, चेहरा दाखवला.

इथपर्यंत सगळं ओळखण्याचं झालं. आवरण्याबद्दल मला आमच्या जाऊबाईंनी शिकवलं. त्यांना संधिवात आहे, म्हणजे वयाने होतो तो नव्हे, शरीराच्या पेशी स्वतःच्याच सांध्यांवर उलटतात तो. सकाळी उठल्यावर त्यांच्या बोटांची पेरं फुगलेली, कणीक मळायला तास-दीड तास थांबावं लागायचं, आणि वाड्यातल्या बायका, चांगल्या मनानेच, त्यांना इम्युनिटी वाढवायचे काढे सांगायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "अगं, सगळ्या म्हणतात माझ्यात शक्ती कमी पडतेय, आणि डॉक्टर तर शक्ती कमी करायचीच गोळी देतायत, मी कुणाचं ऐकू?" मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही डॉक्टरांचं ऐका, तुमच्या पेशी थकलेल्या नाहीयेत, त्या थांबतच नाहीयेत." आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अॅसिड, दर काही आठवड्यांनी लिव्हर आणि सीबीसी, ते रक्त मीच काढते. आता पोळ्या त्या करतात, सकाळीच.

थायमसच्या चाळणीतून काही चुकार पेशी सुटतातच, मग आपल्या सगळ्यांनाच असं का होत नाही? कारण लिम्फोसाइटमध्येच एक गट असा आहे ज्याचं काम इतरांना थांबवणं. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये तो दाखवला, तेव्हा बाकीचे लोक या कल्पनेला कंटाळलेले होते, कुणी फारसं मानायला तयार नव्हतं. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेलने त्यामागचं जनुक शोधलं, ते बिघडलेला उंदीर स्वतःच्याच पेशींकडून मारला जातो, आणि तेच जनुक बिघडलेली माणसाची मुलंही असतात, फार आजारी. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. मला त्या दिवशी अगदी घरातल्या कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला.

कोरोनात तर हे सगळ्यांनी बघितलं, फक्त तेव्हा कळलं नाही. अनेकांना दुसऱ्या आठवड्यात जे गंभीर झालं त्यात विषाणूइतकाच किंवा जास्तच हात स्वतःच्या न थांबणाऱ्या प्रतिक्रियेचा होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. स्टेरॉइड करतं काय, तर प्रतिक्रिया दाबतं. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. आणि मग २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे म्युकर आला. वाढलेली शुगर आणि त्यावर स्टेरॉइड, बऱ्याचदा गरज नसताना किंवा जास्त दिवस, म्हणजे हात इतका आवरला की हवेत कायम असणारी बुरशी नाकातून आत शिरली. नाकातला नमुना स्लाईडवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, भोवतालचं विरघळतं आणि बुरशी उरते, रुंद, मधे पडदे नसलेल्या, काटकोनात फुटलेल्या फांद्या. त्या उन्हाळ्यातल्या स्लाईड्स मला अजून डोळ्यांसमोर दिसतात, कारण प्रत्येक स्लाईडमागे कुणाचा तरी डोळा किंवा जबडा होता.

म्हणून मला "वाढवायला काय घेऊ" याचं सरळ उत्तर देता येत नाही. कुपोषण असेल तर जेवण, शुगर असेल तर शुगर, झोप नसेल तर झोप, तंबाखू असेल तर तंबाखू, हे आहेच, आणि लस. त्यापलीकडे भरधाव वाढवलेली इम्युनिटी कुणाला हवी असेल असं मला वाटत नाही, जाऊबाईंना तर नक्कीच नको.

आणि डेंग्यू. नाशकात पावसाळा संपत आला की लॅबच्या बाहेर रांग लागते, आणि प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो, प्लेटलेट. त्या रक्ताच्या स्लाईडवर मला दिसतात त्या मोठ्या झालेल्या, भोवतालचा भाग गडद निळा झालेल्या लिम्फोसाइट. मघाशी म्हटलं ना, ज्याला तुकडा जुळला तो वाढायला लागतो, तेच इथे प्रत्यक्ष दिसतं, काम जोरात सुरू आहे. पण डेंग्यूचे प्रकार चार. पहिल्यांदा एक झाला की त्याच्यापासून बहुधा आयुष्यभर बचाव मिळतो, बाकीच्या तिघांपासून मात्र काही महिनेच. मग दुसरा प्रकार आला की जुन्या अँटिबॉडीज त्याला धरतात खऱ्या, पण निकामी करत नाहीत, आणि अँटिबॉडी चिकटलेला विषाणू ज्या पेशी गिळतात त्यांच्यातच तो वाढतो. अर्धवट ओळख इथे विषाणूच्याच उपयोगी पडते. स्कॉट हालस्टेड या डॉक्टरने १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये हे ओळखलं. दुसऱ्यांदा होणाऱ्या मुलांना जास्त गंभीर, आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, फार वाईट, एका वर्षाच्या आतल्या काही बाळांना पहिल्याच वेळी गंभीर, कारण आईच्या अँटिबॉडीज त्यांच्या रक्तात उतरलेल्या.

धोका कधी असतो, तर बहुतेक वेळा ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्या पाझरून आतलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं. ते कळतं पीसीव्हीच्या, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे त्याच्या, आकड्यावरून, जो प्लेटलेटच्या वर दोन-चार ओळींवर निमूट छापलेला असतो आणि कुणी बघत नाही. आमच्या गल्लीतला एक शाळकरी मुलगा, ताप गेला, क्रिकेट बघत बसला होता, आई म्हणाली आता कशाला परत सुई, पण पोट दुखतंय आणि दोनदा उलटी झाली म्हणून मी रक्त घेतलंच. पीसीव्ही आदल्या दिवशी ३८, त्या दिवशी ४६. लगेच अॅडमिट केलं, सलाईन मोजून-मापून दिलं आणि तो नीट घरी आला. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी थांबू नका, आणि अंगदुखीला आयब्रुफेन, अॅस्पिरिन घेऊ नका.

या आजारावर लस बनवणं इतकं अवघड का गेलं तेही यातच आलं. २०१६ मध्ये फिलिपाईन्समध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली, ८ लाखांवर मुलांना दिली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही अशांना पुढे खरा डेंग्यू झाल्यावर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता आहे. म्हणजे लसीने पहिल्या डेंग्यूची जागा घेतली. कार्यक्रम थांबवला, पण लोकांचा लशींवरचाच विश्वास उडाला आणि तिथे गोवर वाढला. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून आयसीएमआरच्या पुढाकाराने एका डोसच्या, चारही प्रकारांवरच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, १० हजारांहून जास्त प्रौढ माणसं आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. शेजारचे काका मला विचारतात, कोरोनाची लस वर्षात आली मग हिलाच एवढा वेळ कशाला. मी त्यांना सांगते, काका, चारही प्रकारांची ओळख एकाच वेळी आणि पक्की व्हायला हवी, तीन पक्क्या झाल्या आणि एक कच्ची राहिली तर त्या चौथ्याचं काम आपणच सोपं करून ठेवू, आणि ती कच्ची राहिलीय का हे कळायला लस घेतलेल्या माणसांनी डासांमध्ये राहून एक-दोन पावसाळे काढावेच लागतात.